पावणेदोन मीटर जागेतली नोकरी

पुणे–नाशिक रस्त्यावर, नारायणगावला अगदी खेटून आमची वारूळवाडी. ऑगस्ट २०१८ मध्ये या रस्त्याच्या दोन्ही टोकांना कबड्डीची एकच बातमी पोचली आणि दोन्हीकडे तिचा अर्थ वेगळा निघाला. २३ तारखेला जकार्ताच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताचा पुरुष संघ उपांत्य फेरीत इराणकडून १८–२७ असा हरला. त्या संघात गिरीश इरनाक होता, पुणेरी पलटणचा डावा कोपरारक्षक. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७–२४ असं हरवून सुवर्ण नेलं. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. पुण्याकडचा सुवर्ण गमावून आला, नाशिककडच्या बाईंनी ते दुसऱ्या देशाला मिळवून दिलं. मधल्या गावात बसून नेमकं कुणासाठी हळहळायचं, ते ठरेना.

१९९० साली बीजिंगला कबड्डी पदकाचा खेळ म्हणून आली तेव्हापासून २०१४ पर्यंतची सातही पुरुष सुवर्णं भारताने घेतली होती. त्यामुळे २०१८ नंतर जो तो कारणं शोधायला लागला. निवड चुकली, चढाईपटू थकले, संघटनेत भांडणं होती. यातलं काय किती खरं, हा वाद चालू राहील. माझं मत इतकंच आहे की भारताला हरवलं ते इराणच्या बचावाने, आणि त्या बचावाची शाळा काही अंशी आपल्याकडेच भरली होती. पकड करणाऱ्या खेळाडूला महाराष्ट्राने पिढ्यान् पिढ्या घडवलं, त्याच्या कामाला भाव मिळायची वेळ आली तेव्हा मात्र मोठी बोली दुसऱ्याच कुणावर लागली. गिरीश इरनाकची कारकीर्द या उलथापालथीच्या बरोबर मधे येते.

आधी थोडं मागे जायला हवं. हुतूतू गावोगाव होता आणि प्रत्येक गावाचे नियम निराळे होते. बाद झालेला परत येतो की नाही, यावरूनच संजीवनी, गामिनी आणि अमर असे तीन प्रकार झाले होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत महाराष्ट्रातल्या मंडळींनी नियम जुळवायला घेतले आणि १९२३ साली बडोद्याला हिंद विजय जिमखान्याच्या स्पर्धेत ते वापरले गेले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ करून दाखवला. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, १९५२ मध्ये मद्रासला पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पुढे शंकरराव तथा बुवा साळवींनी हा खेळ आशियाभर नेण्यासाठी आयुष्य वेचलं. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळला जातो. कबड्डीतला पहिला अर्जुन पुरस्कार १९७२ चा, तो मुंबईच्या सदानंद शेट्येंना मिळाला. पुण्याच्या शांताराम जाधवांचं, अशोक शिंद्यांचं नाव त्याच यादीत नंतर आलं.

पण खेळ खरा जगला तो मंडळांवर. लालबाग, परळ, प्रभादेवी, वरळी, तिकडे ठाणे-कल्याण, रायगड-रत्नागिरी, इकडे पुणे, सांगली, कोल्हापूर. गिरणीत पाळी करून आलेला माणूस संध्याकाळी मातीवर उतरायचा. मंडळात नाव झालं की बँक, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, पोलीस किंवा महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम यांसारख्या ठिकाणी नोकरी लागायची. म्हणजे व्यावसायिक लीग येण्याच्या कितीतरी आधीपासून कबड्डीवर घरं चालत होती, फक्त पगाराच्या कागदावर कारकून, शिपाई असं काहीतरी लिहिलेलं असायचं. आणि या हिशोबात बचावपटूचं बरं चाललं होतं. नोकरी देणाऱ्या साहेबाला अख्खा संघ हवा असायचा, त्यात कोपरा लागायचाच. शिवाय एकदा नोकरी लागली की गुडघा गेला तरी पगार थांबत नव्हता.

या मंडळांतली खरी पुंजी म्हणजे साखळी. दोघादोघांनी हात धरून उभं राहायचं, आणि चढाईपटू एका बाजूला झुकला की समोरच्या बाजूची साखळी त्याच्या मागून फिरवायची. ऐकायला सोपं वाटतं. पण शेजाऱ्याचा हात कधी सैल सोडायचा आणि कधी आवळायचा हे तोंडाने सांगून जमत नाही. एकाच गल्लीतली पोरं दहा-दहा वर्षं एकमेकांचे तेच हात धरून खेळलेली असायची, म्हणून ते जमायचं. ‘त्याच्या मनगटावरून मला कळतं तो कधी निघणार,’ असं जुने खेळाडू सांगतात, त्यात फुशारकी कमी आणि सराव जास्त आहे.

कोपऱ्यावरच्या खेळाडूचं काम एकदा जवळून बघायला हवं, नाहीतर पुढचं सगळं नुसतं आकड्यांचं वाटेल. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मधोमध मध्यरेषा, म्हणजे एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा, तिच्यामागे एक मीटरवर बोनस रेषा. उरतात मागचे पावणेदोन मीटर. कोपरारक्षकाचा बहुतेक जन्म या पावणेदोन मीटरांत जातो. मागे सरकायला जागा नाही, अंतिम रेषेबाहेर पाय पडला की बाद. पुढे झेपावून चुकला की समोरच्याला फुकटचा गुण.

समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तर चढाईपटूला बोनस घेता येतो. त्यासाठी एक पाय बोनस रेषेच्या पलीकडे टेकवायचा आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत ठेवायचा. याचा अर्थ असा की तेवढ्या क्षणापुरता तो एका पायावर उभा असतो. कोपरारक्षक त्याचीच वाट बघत असतो. घोटा पकडायचा तर हात जमिनीलगत जायला हवा, छाती खाली आणि डोकं बाजूला, नाहीतर गुडघा तोंडावर बसतो. पंज्याला धरून उपयोग नाही, पाय सुटतो. टाचेच्या वर, घोट्याच्या हाडाला दोन्ही तळव्यांची कडी घालावी लागते. मग तो पाय स्वतःच्या पोटाशी ओढून घ्यायचा आणि शेजारचा मध्यरक्षक येऊन कंबर धरेपर्यंत सोडायचा नाही. चढाईपटूचं बोट मध्यरेषेला लागलं तरी पुरतं. तसं झालं तर पकडायला गेलेले सगळेच बाद. जुन्या नियमपुस्तकांपासून एक कलम चालत आलंय, चढाईपटूचा दम तोडण्यासाठी त्याचं तोंड दाबायचं नाही की गळा धरायचा नाही. असं कलम लिहावं लागलं यावरून पूर्वीच्या पकडी कशा होत असतील याचा अंदाज करावा.

आमच्याकडे संध्याकाळी मुलं सरावाला येतात तेव्हा शिकवणारे सर कोपऱ्यातल्या मुलाला ‘धर’ फार कमी वेळा म्हणतात. ‘थांब, थांब रे, त्याला येऊ दे’ हेच जास्त ऐकू येतं. आणि अंधार पडायच्या आत सराव आटपतो, कारण जुन्नर तालुक्यात उसाच्या कडेने रात्री पोरांना घरी पाठवायला बिबट्यामुळे कुणी तयार नसतं. ही कबड्डीची अडचण नव्हे, पण आमची आहे.

२६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या डोममध्ये प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला, यू मुम्बा विरुद्ध जयपूर पिंक पँथर्स. पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली राकेश कुमारवर लागली, १२ लाख ८० हजार. आज ही रक्कम किरकोळ वाटते, तेव्हा मात्र ती वाचून गावागावांत लोकांनी पेपर जपून ठेवले होते. त्या पहिल्या मोसमात मराठी बचावपटूंचं स्थान भक्कम होतं. मुंबईचा नीलेश शिंदे बंगाल वॉरियर्सचा कर्णधार झाला. कोलकात्याच्या संघाने आपला कप्तान परळ-लालबागच्या परंपरेतून उचलला, यातच कोपऱ्यावरच्या माणसाची पत दिसते. यू मुम्बात उजव्या मध्यरक्षकाच्या जागी विशाल माने होता. २०१५ मध्ये यू मुम्बाने विजेतेपद मिळवलं तेव्हा त्यांच्या बचावात सुरेंदर नाडा, मोहित छिल्लर, जीवा कुमार आणि विशाल माने अशी चौकडी होती. दोन उत्तरेकडचे कोपरे, एक तामिळ, एक मुंबईकर. मंडळाची साखळी तिथेच संपली होती खरं तर. वेगवेगळ्या मातीतले चौघे महिन्याभराच्या शिबिरात एकमेकांचे हात ओळखायला शिकत होते, आणि विशेष म्हणजे शिकलेही.

लीगने बचावपटूला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे मोजणी. पूर्वी सामन्याच्या बातमीत ‘अमक्याने उत्कृष्ट पकडी केल्या’ एवढंच छापून यायचं. आता प्रत्येक पकड गुणपत्रकात चढायला लागली. मैदानात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना केलेल्या पकडीला दोन गुण, तिला मराठी पेपरांनी ‘अव्वल पकड’ म्हणायला सुरुवात केली. एका सामन्यात पकडीचे पाच गुण झाले की त्याला वेगळं नाव, वेगळा सत्कार. सलग दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, या नियमाने तर थांबून राहणाऱ्या कोपऱ्याच्या हातात हत्यारच दिलं. उत्तर अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकला चेंडूसकट आडवं करण्याची अधिकृत नोंद ठेवायला १९८० चं दशक उजाडावं लागलं होतं. बचाव मोजायला जगात सगळीकडेच उशीर झालाय, त्या मानाने कबड्डीने लवकर हात-पाय हलवले.

मोजणीत एक भानगड मात्र आहे. कोपरारक्षक पाय धरतो, मध्यरक्षक येऊन धडक देतो, तिसरा अंगावर पडतो. गुण मिळतो एकाच्या नावावर. आणि ज्याच्या भीतीने चढाईपटू डाव्या बाजूला फिरकलाच नाही, त्याच्या नावावर काहीच चढत नाही. लिलावाच्या टेबलावर हेच गुणपत्रक ठेवलेलं असतं.

२०१५ च्या त्या विजेत्या यू मुम्बात एक नवखा इराणी होता. फझल अत्राचली, कास्पियन समुद्राजवळच्या गोंबद-ए-कावूसचा, मुळात कुस्तीकडून आलेला. तेव्हा त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. मुंबईच्या सरावात तो नाडासारख्या कोपऱ्याशेजारी उभा राहून बघत होता. पुढच्याच वर्षी पाटण्याकडून तो पहिल्या पसंतीचा डावा कोपरा झाला आणि विजेतेपद घेऊन गेला. मग २०१७ मध्ये गुजरात. मे २०१८ च्या लिलावात यू मुम्बाने त्याला एक कोटी रुपयांना परत आणलं. लीगच्या इतिहासात एक कोटीला पोचलेला तो पहिला खेळाडू. चढाईपटू नाही, भारतीय नाही. त्याच लिलावात मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख, राहुल चौधरीला १ कोटी २९ लाख, मुंबईच्या रिशांक देवाडिगाला १ कोटी ११ लाख मिळाले. कोटीच्या पुढे गेलेल्या भारतीयांत निव्वळ बचावपटू एकही नव्हता.

गिरीश इरनाक याच काळात शिखरावर होता. ठाणे-कल्याण पट्ट्याच्या कबड्डीतून आलेला हा डाव्या बाजूचा कोपरा पाटणा, बंगाल असा फिरत २०१७ मध्ये पुणेरी पलटणमध्ये आला. त्या मोसमात लीगमध्ये आणखी चार संघ वाढले, सामने वाढले, आणि पुण्याच्या बचावात धर्मराज चेरलाथन, संदीप नरवाल यांच्याबरोबर गिरीशने डावी बाजू धरून ठेवली. त्याच्या पकडीत देखणेपणा फार नव्हता. उंच उडी नाही, आरडाओरडा नाही. पाय हातात आला की तो अंगाचं ओझं करून खाली बसायचा. प्रेक्षक टाळ्या वाजवायचे ते समोरचा पडल्यावर, तोवर गिरीश उठून जागेवर गेलेला असायचा.

जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत रिशांकच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला ३४–२९ असं हरवून अकरा वर्षांच्या खंडानंतर विजेतेपद मिळवलं. त्या यशाची ऊब असतानाच जकार्ताचा संघ जाहीर झाला आणि त्यात महाराष्ट्राचे दोघे होते, चढाईला रिशांक आणि बचावाला गिरीश. अजय ठाकूर कर्णधार. साखळी सामन्यांत दक्षिण कोरियाने भारताला २४–२३ असं हरवलं तेव्हाच खरं तर धोक्याची घंटा वाजली होती. उपांत्य सामन्यात समोर इराण, आणि इराणच्या डाव्या कोपऱ्यात फझल. ज्या भारतीय चढाईपटूंबरोबर आणि ज्यांच्याविरुद्ध तो चार मोसम खेळला होता, त्यांचे बोनसचे पाय, वळायची सवय, घाई कधी होते ते क्षण त्याला तोंडपाठ होते. भारताचे १८ गुण म्हणजे चाळीस मिनिटांत साधारण सव्वादोन मिनिटांना एक. इराणने अंतिम सामन्यात कोरियालाही १६ गुणांवर रोखलं आणि २६–१६ असं सुवर्ण घेतलं. त्या इराणी संघाचे प्रशिक्षक गुलामरेझा माझंदरानी त्यानंतर लगेच, त्याच वर्षीच्या मोसमात, मुंबईच्या डगआउटमध्ये बसलेले दिसले. हरवणारे दोघेही सोमवारपासून आपल्याच शहरात कामावर हजर, असा हा व्यवहार.

शैलजाबाईंची गोष्ट याच्या बरोबर उलट दिशेची. नाशिकमध्ये वर्षानुवर्षं मुलींना कबड्डी शिकवलेल्या या प्रशिक्षकांना इराणकडून विचारणा झाली आणि त्या गेल्या. तिथल्या मुलींच्या सरावात त्यांनी योगासनं आणि प्राणायाम घातला, संवादापुरती फारसी शिकून घेतली. जकार्ताच्या अंतिम सामन्यात समोरच्या भारतीय संघात सायली केरीपाळे आणि सोनाली शिंगटे या महाराष्ट्राच्याच मुली होत्या. सामना संपल्यावर बाईंना आनंद झाला की वाईट वाटलं, हे विचारणाऱ्यांची तेव्हा रांग लागली होती. मला तो प्रश्न जरा उर्मट वाटतो. प्रशिक्षकाला आधी हा प्रश्न विचारायला हवा होता की इराणचं बोलावणं येईपर्यंत भारताच्या संघाने तुम्हाला कधी विचारलं का.

जकार्ताहून परतल्यावर दोन महिन्यांत प्रो कबड्डीचा सहावा मोसम सुरू झाला आणि पुणेरी पलटणने गिरीशला कर्णधार केलं. कोपऱ्यातून कर्णधारपद करणं सोयीचं असतं असं म्हणतात, मैदान सगळं समोर दिसतं. पण पलटणला तेव्हा बाद फेरीही गाठता आली नाही. पुढच्या वर्षी कर्णधारपद सुरजीत सिंगकडे गेलं, त्यानंतर गिरीश गुजरातकडे आणि मग यू मुम्बाकडे खेळला. ही उतरती कळा कुणाच्या अपयशाची म्हणता येत नाही. घोट्याला झेपावणाऱ्या माणसाचे खांदे आणि गुडघे दरवर्षी थोडे थोडे कमी होत जातात, आणि दर लिलावात विशीतली नवी पोरं येतात. त्याच २०१८ च्या मोसमात यूपी योद्धाच्या नितेश कुमारने पकडीचे १०० गुण पूर्ण केले, एका मोसमात असं करणारा तो पहिला. कोपऱ्यातल्या कामाची पट्टी तिथून वर सरकली.

त्यानंतरचं पुण्याचं चित्र बघा. २०२२ मध्ये पलटणने फझललाच १ कोटी ३८ लाखांना आणून कर्णधार केलं आणि मुंबईतल्या अंतिम सामन्यात ते जयपूरकडून २९–३३ असे हरले. पुढच्या मोसमासाठी दुसरा इराणी डावा कोपरा आला, मोहम्मदरेझा शादलू, २ कोटी ३५ लाखांना. त्याने पकडीचे ९९ गुण मिळवले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८–२५ असं हरवून पलटण पहिल्यांदा विजेती झाली. त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार, पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरचा. आळेफाट्यावरून नगरच्या दिशेने गेलं की ते गाव लागतं, म्हणजे आमच्यापासून एसटीच्या अंतरावर. त्यामुळे तो सामना आमच्या भागात घरचा म्हणूनच बघितला गेला. मध्यरक्षणात संकेत सावंत हा मराठी मुलगा होता, पण डावा कोपरा इराणी आणि उजवा, गौरव खत्री, उत्तरेकडचा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोऊला भारताने इराणला ३३–२९ असं हरवून सुवर्ण परत आणलं. त्या संघात महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे होते. दोघंही चढाईचे. महाराष्ट्राचा एकही निव्वळ बचावपटू त्या बारा जणांत नव्हता. ज्या राज्यात साखळी घडली त्या राज्याला कोपरा देता येऊ नये, याची चर्चा सुवर्णाच्या जल्लोषात कुणी केली नाही. चिपळूणकडचा शुभम शिंदे हा कोपरा नंतर पाटण्याचा कर्णधार झाला आणि २९ डिसेंबर २०२४ ला बालेवाडीत, पुण्याच्याच प्रेक्षकांसमोर, अंतिम सामना खेळला. तो २३–३२ असा हरला. जिंकलेल्या हरियाणाच्या डाव्या कोपऱ्यात तेव्हा शादलू होता.

वारूळवाडीच्या सरावात आता मुलं स्वतःहून बोनस मारायला शिकतात, ते मोबाइलवर बघूनच. कोपऱ्यासाठी मात्र सरांना मुलगा निवडून उभा करावा लागतो, आणि त्याची आई विचारते की यात नोकरी लागते का. तिला द्यायला पूर्वी एक सरळ उत्तर होतं. आता नोकऱ्या कमी झाल्या आणि लिलाव आला. ३१ ऑक्टोबर २०२५ ला दिल्लीत पलटण पुन्हा अंतिम सामन्यात उतरली आणि दबंग दिल्लीकडून २८–३१ अशी हरली. दिल्लीच्या डाव्या कोपऱ्यात तेहतीस वर्षांचा फझल अत्राचली होता, दहा वर्षांपासून याच देशात नोकरीला असलेला.